वीस मिनिटं बंद ठेवलेली लिफ्ट

४ मार्च

घुम्या,

आशीर्वाद आज देत नाही, हात उचलत नाही. पुढच्या पत्रात बघू.

तुझी बातमी मला पेपरात वाचावी लागली. तिसऱ्या पानावर, खाली कोपऱ्यात. ‘लिफ्ट मेकॅनिकसह तिघे अटकेत, वृद्धाचा मृत्यू.’ तुझं नाव वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग तुझ्या आईला फोन लावला. वहिनीने फोन शेजारणीच्या हातात दिला. तिने जे सांगितलं त्यातलं निम्मं तिच्या पदरचं असणार, बाईची सवय मला माहीत आहे.

म्हणून तुलाच विचारते. लहानपणी काही विचारलं की तू मिठाची गुळणी धरून बसायचास, म्हणून तर दादाने तुला घुम्या म्हणायला सुरुवात केली. आता ती चैन बंद. मी कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट होते. साक्षी ऐकायच्या आणि बडवायच्या, एवढंच काम. त्यातून एक गोष्ट शिकले. उत्तर द्यायच्या आधी जो पाणी मागतो, तो खोटं बोलणार असतो. तुला मी इथून पाणी देऊ शकत नाही, तेव्हा सरळ लिही.

काय ठरलं होतं, तू काय केलंस, आणि त्या दोघांकडे हत्यार आहे हे तुला आधी ठाऊक होतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. का, ते नंतर सांगेन.

तुझी आत्या


११ मार्च

आत्या,

नमस्कार. आशीर्वाद मागायला मलाही तोंड नाही.

बुटका आणि मी लिफ्टचं काम एकत्र शिकलो. त्याने मध्येच सोडलं. लांब्या हा त्याचा मित्र, मी त्याला दोनदाच भेटलो. मी ज्या सहा मजली इमारतीची लिफ्ट बघतो, तिथे पाचव्या मजल्यावर घड्याळांना सोन्याचं पाणी देणारा कारखाना आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथे एकच कारागीर असतो. बुटका म्हणाला, तू फक्त वीस मिनिटं लिफ्ट बंद ठेव, म्हणजे कोणी पटकन वर येणार नाही. बाकीचं आम्ही बघतो. मला हाव सुटली. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी मी गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत गेलो. लिफ्ट रिकामी आहे याची खात्री केली. मेन स्विच पाडला. आणि मग, आत्या, मी स्विचला माझी पाटी अडकवली. आमच्यात नियम आहे. स्विच पाडला की त्यावर आपल्या नावाची लाल पाटी लावायची, वेळ लिहायची, म्हणजे दुसरा कोणी चुकून चालू करून लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला चिरडणार नाही. ज्याची पाटी, त्यानेच काढायची. अकरा वर्षं हात तेच करतोय. चोरीला मदत करायला गेलो आणि पाटीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली, खाली सहीसुद्धा ठोकली.

जिन्याने खाली येत होतो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर चष्मेवाले काका पडलेले दिसले. चौथ्यावर त्यांचं चष्मे दुरुस्तीचं दुकान आहे. घरून जेवून परत येत होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, छाती दाबली, ओरडून माणसं गोळा केली. तेवढ्यात बुटका आणि लांब्या पिशवी घेऊन आमच्या अंगावरून उडी मारून गेले. काकांनी डोळे उघडलेच नाहीत. पोलिसांनी आधी मला मदत करणारा समजून पाणी दिलं. तासाभराने एकजण वर जाऊन आला तो हातात लाल पाटी घेऊनच.

वर त्यांनी कारागिराच्या गळ्याला चाकू लावला होता म्हणे. त्याला काही झालं नाही. चाकूचं मला माहीत नव्हतं.

घुम्या


२० मार्च

घुम्या,

पाटीचं वाचून मी हसले. आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. सही ठोकून चोरी करणारा आमच्याच घराण्यात निघायचा होता.

आता नीट ऐक. तुझी वकीलीणबाई मला भेटली. वयाने लहान आहे, पण कागद वाचते. पुष्कळ वकील वाचत नाहीत. तिने सांगितलं तेच मी हजार वेळा टाइप केलेलं आहे. आपल्या कायद्यात एक कलम आहे. धोक्याचा गुन्हा, म्हणजे जबरी चोरी, जाळपोळ, असलं काही चालू असताना त्या गुन्ह्यापायी कुणाचा जीव गेला, तर त्यात सामील असलेल्या सगळ्यांवर खुनाचा आरोप येतो. मारायचं मनात होतं की नव्हतं, हे कोणी विचारत नाही. गाडीत बसून राहिलेल्यालाही जन्मठेप झालेली मी माझ्या या बोटांनी टाइप केली आहे. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते. तो पोरगा तुझ्याच वयाचा होता.

सरकारी वकिलाचं म्हणणं सरळ आहे. तू चोरीसाठी लिफ्ट बंद केलीस. लिफ्ट बंद म्हणून हृदयाचा आजार असलेला म्हातारा जिना चढला. जिना चढला म्हणून गेला. तीन वाक्यं, आणि तू आयुष्यभर आत.

म्हणून हत्याराचं विचारलं होतं. साधी चोरी या कलमात बसत नाही, चाकू दाखवला की बसते. तुला चाकू माहीत नव्हता, असं बाईंना मांडायचं आहे. ते एक दार. दुसरं दार अजून दिसत नाही. तू मला त्या इमारतीबद्दल लिही. काहीही लिही. कोण कसं वागतं, कोण कुठे बसतं. टाइप करताना मला कळायचं नाही काय कामाचं आणि काय बिनकामाचं, ते नंतर साहेब ठरवायचे.

आशीर्वाद. आज देते.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

मी बाईंना सांगणार आहे की मला गुन्हा कबूल करायचा आहे. सगळाच. तू ओरडशील म्हणून आधी तुला लिहितोय.

तू म्हणतेस मारायचं मनात नव्हतं. पण काकांना त्याचा काय उपयोग? मी स्विच पाडला नसता तर ते लिफ्टने वर गेले असते, दुकान उघडलं असतं, संध्याकाळी घरी गेले असते. माझ्या डोक्यात दिवसभर हेच फिरतं. जेवण उतरत नाही.

तू इमारतीबद्दल लिही म्हणालीस. आमची एक तक्रारवही असते, तळमजल्यावर दोरीने बांधलेली. लिफ्ट बंद पडली की लोक तिच्यात मनातली जळजळ ओकतात. दुसऱ्या मजल्यावरचा टायपिंग क्लासवाला तर दहा मिनिटं लिफ्ट बंद असली तरी अर्धं पान भरतो. सहाव्या मजल्यावरची दाताची डॉक्टर माझ्या सात पिढ्या काढते. गेल्या वर्षी मोटर जळाली तेव्हा तीन दिवस लिफ्ट बंद होती, वही संपली, नवी आणावी लागली. सगळ्या इमारतीत एकट्या काकांनी कधी एक ओळ लिहिली नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. त्या तीन दिवसांत मी घामाघूम होऊन जिन्यात बसलो होतो तर ते वर चढता चढता थांबले, म्हणाले, “बंद आहे होय? असू दे, माझं काय अडतंय.” आणि मला दुकानात नेऊन चहा पाजला. असा साधा माणूस, आत्या. आणि मी त्यांनाच.

पुढे लिहवत नाही.

घुम्या


९ एप्रिल

घुम्या,

काहीही कबूल करू नकोस. हे पत्र वाचून होईपर्यंत तोंड उघडू नकोस. यात तरी नावाला जाग.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुला त्यात काकांचा चांगुलपणा दिसला. असेलही. पण मला वेगळंच दिसतंय. तीन दिवस लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यावर दुकान, हृदयाचा आजार, आणि माणूस म्हणतो माझं काय अडतंय? अकरा वर्षांत एक तक्रार नाही? गाढवा, तू त्यांना लिफ्टमध्ये कधी पाहिलंस का? आठव. एकदा तरी?

मी तडक बाईंकडे गेले आणि हेच मांडलं. गुन्हा चालू असताना मेला एवढ्याने त्या कलमाचं भागत नाही, गुन्ह्यामुळे मेला हे सरकारला दाखवावं लागतं. ते जर रोजच जिना चढत असतील, तर स्विच वर असो की खाली, त्यांच्या पायांना काय फरक पडणार होता? आणि डॉक्टरांच्या अहवालात लिहिलंय की ते जागच्या जागी गेले, खाली न्यायला लिफ्ट असती तरी हाती काही लागलं नसतं.

बाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हे सांगणार कोण? काकांची बायको. सरकारची साक्षीदार. तिच्या जबाबात फक्त आजाराचं विचारलंय, लिफ्टचं कुणी विचारलेलंच नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो भर कोर्टात विचारायचा नसतो. तिचा नवरा गेलाय. ती म्हणाली की रोज लिफ्टने जायचे, तर आपल्या हाताने दोर आवळला.

मी म्हटलं, मी जाऊन आधी विचारून येते. बाई माझ्यावर अशी डाफरली की मला माझे जुने साहेब आठवले. आरोपीच्या आत्याने साक्षीदाराच्या दारात जायचं म्हणजे नवा खटला. ते मलाही कळतं. काल त्या रस्त्यावरून गेले, त्यांच्या घरासमोरच्या बाकावर दहा मिनिटं बसले आणि मुकाट्याने परत आले.

आत्या


१७ जून

घुम्या,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते घडायचं होतं. आता घडलं.

तुम्हा तिघांना कोर्टात आणायला त्या दिवशी गाडी नव्हती म्हणे. बाईंनी तुझ्याशिवाय साक्ष घ्यायला हरकत घेतली नाही. मला वाटतं तिला तू समोर नकोच होतास. तुझं तोंड बघून त्या माउलीचा राग उफाळला असता.

छोटीशी बाई आहे. पर्स दोन्ही हातांनी धरून पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलाने आजाराचं विचारलं, औषधांचं विचारलं, झालं. मग आपल्या बाई उठल्या. मी बाकाची कड घट्ट धरली. बाईंनी विचारलं, “तुमचे यजमान दुकानात कसे जायचे? लिफ्टने की जिन्याने?”

ती गप्प. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. साहेबांनी पुन्हा विचारायला सांगितलं. तरी गप्प. आणि मग ती म्हणाली, “पाणी मिळेल का?”

चौतीस वर्षांचा माझा अनुभव मला सांगत होता की संपलं. शिपायाने पाणी आणलं. ती सगळा ग्लास प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, “जिन्याने. ते लिफ्टमध्ये कधी पाऊल ठेवायचे नाहीत. दार बंद झालं की त्यांचा जीव घाबरायचा. एकोणीस वर्षं दुकान होतं तिथे. रोज चार वेळा चढउतार. डॉक्टर ओरडले, मी ओरडले, ऐकलं नाही.”

सरकारी वकिलाने उठून उलटसुलट विचारलं. ती जागची हलली नाही. परवा साहेबांनी निकाल दिला की लिफ्ट बंद असण्याचा आणि मृत्यूचा संबंध दिसत नाही. खुनाचं कलम तिघांवरूनही काढलं. आता फक्त चोरीचा खटला.

घरी येताना बसमध्ये मला इतकं रडू आलं की एका मुलीने उठून जागा दिली. मी बसले आणि आणखी रडले. वहिनीला फोन केला. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, त्याला जेवायला सांगा. तर जेव.

आत्या


२४ जून

आत्या,

जेवतोय. दोनदा वाढून घेतलं. तुझं पत्र वाचलं. छातीवरून कोणी तरी मोटर उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. मी नाही मारलं त्यांना. हे वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजारचा म्हणाला, बरं बाबा.

आत्या, आता एक सांगतो. पत्र इथले साहेब उघडून वाचतात, वाचू देत. चाकूचं मला माहीत होतं. आदल्या दिवशी लांब्याने चहाच्या टपरीवर दाखवला होता. फक्त दाखवायला आहे, म्हणाला. मी मान डोलावली. तुला खोटं लिहिलं. बाईंनाही खोटं सांगितलं.

काकूंना खोटं बोलायला किती सोपं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर बोललो असतो. त्यांनी मला वाचवलं, आणि तरीही मानेवर चाकू असताना त्या कारागिराचं काय झालं असेल याचा विचार मी टाळत बसायचं, हे जमत नाही. मी कोर्टात सांगणार आहे.

घुम्या


३ जुलै

घुम्या,

तुझं पत्र वाचून आधी तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मला खोटं लिहिलंस. मला!

बाईंना दाखवलं. ती म्हणते, गप्प राहिलास तर दोन वर्षं, त्यातले चार महिने गेलेच. बोललास तर सहा. ती म्हणते, गप्प राहा. वहिनीला मी विचारलेलं नाही, ती काय म्हणेल ते तुला ठाऊक आहे.

माझं मत विचारलं नाहीस, तरी देते. सहा वर्षं मोजता येतात, बाळा. मार्चमध्ये आपल्यापुढे जे होतं ते मोजता येत नव्हतं. तू सांग. मी कोर्टात पहिल्या बाकावर असेन. वहिनीचं मी बघते.

आत्या


२९ ऑगस्ट

लिफ्टवाल्या,

तुझं नाव मला माहीत आहे, पण लिफ्टवाला म्हणायची सवय आहे. घरी हे तुझ्याबद्दल असंच बोलायचे, “लिफ्टवाला पोरगा आज जिन्यात बसला होता.” मी चष्मेवाल्यांची बायको. पत्ता तुझ्या आत्याने दिला. निकाल लागल्यावर त्या बाहेर माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला. मीच पत्ता मागितला.

तू चाकूचं सांगितलंस तेव्हा मी मागच्या बाकावर होते. तुझ्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. सहा वर्षं ऐकल्यावर तुझी आत्या आणि तू एकमेकांकडे बघून चक्क हसलात. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. मला नाही वाटलं.

तू खरं सांगितलंस, म्हणून मीही सांगते. हे कोर्टात कुणी विचारलं नाही. त्या दिवशी जेवताना आमचं भांडण झालं होतं, जिन्यावरूनच. मी म्हटलं, इतकी हौस आहे तर चढा, चढून चढून मरा एकदाचे. ते हसून गेले. अर्ध्या तासाने माणसं सांगायला आली.

मग पोलीस म्हणाले, चोरांनी लिफ्ट बंद केली होती म्हणून गेले. तुला खोटं वाटेल, पण मला तेव्हा हायसं वाटलं. माझा शब्द नाही, यांचा हट्ट नाही, चोर. साडेतीन महिने मी तुला उराशी धरून होते. सकाळी उठले की आधी तुला शिव्या द्यायच्या, मग चहा ठेवायचा. त्या प्रश्नाला मी गप्प राहिले ती म्हणून. लिफ्टने जायचे, एवढे दोनच शब्द बोलायचे होते, आणि तो दुपारचा शब्द कायमचा तुझ्या नावावर झाला असता. मी पाणी मागितलं ते बोलायचा धीर व्हावा म्हणून नव्हे. ते दोन शब्द अगदी ओठावर आले होते, ते गिळायला मागितलं.

घरी गेले तेव्हा वाटलं आता मी मेले. दोष द्यायला कुणी उरलं नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. मग यांची बहीण आली, तिला मी सगळं सांगितलं, मरा म्हटलं होतं तेही. ती म्हणाली, “वहिनी, तू त्याला रोजच म्हणायचीस. आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. तोही आम्हाला तुझी नक्कल करून दाखवायचा.” आणि तिने ती नक्कल करून दाखवली, यांच्यासारखी हात नाचवून. मी हसायला लागले आणि मग रडायला लागले.

तुझ्यावर राग होता तोवर मला यांच्यासाठी रडताच आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मनसोक्त रडले. मग भूक लागली. आम्ही दोघींनी स्वयंपाक केला आणि पोटभर जेवलो.